देवाला मध्ये कशाला आणता? : किटी वेल्सचं १९५२ मधलं उत्तर

ऑस्टिनकर

गेल्या शनिवारी रात्री आम्ही गावाबाहेरच्या एका जुन्या नाचघरात गेलो होतो. फळ्यांची जमीन, वर गरगरणारे पंखे, भिंतीला टेकून जुना ज्यूकबॉक्स. बँडवाले चहापाण्याला उठले तेव्हा कुणीतरी त्यात नाणं टाकलं. एका पुरुषाचा जाडसर, संथ आवाज सुरू झाला. ते गाणं संपलं आणि पुन्हा तीच चाल लागली. मला वाटलं, तबकडी परत वाजतेय. पण या वेळी बाई गात होती.

माझ्या शेजारच्या खुर्चीत ऐंशी ओलांडलेल्या एक आजी बसल्या होत्या. तोवर त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. हे दुसरं गाणं लागलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं गाणं त्यांनी पुटपुटत म्हटलं, समोर बघत.

घरी येऊन दोन्ही गाणी शोधून काढली आणि आठवडाभर दुसरं काही ऐकलेलं नाही. म्हणून हा धागा.

पहिलं गाणं हँक थॉम्प्सनचं, 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ'. थॉम्प्सन इथलाच, टेक्ससमधल्या वेको गावचा. आर्ली कार्टर आणि विल्यम वॉरन या दोघांनी लिहिलेलं हे गाणं आधी जिमी हीपच्या बँडने ध्वनिमुद्रित केलं होतं, पण गाजलं थॉम्प्सनचं. १९५२ मध्ये ते 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या कंट्री (म्हणजे तिथल्या ग्रामीण गोऱ्यांच्या संगीताच्या) यादीत १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाण्यातल्या माणसाला बायकोने टाकलंय. तिने सांगितलंय की फोन करू नकोस. पत्र पाठवलं तर ती वाचणार नाही याची त्याला खात्री आहे, म्हणून तो मनातलं सगळं गाण्यात घालतो. म्हणतो, दारूच्या गुत्त्यात फिरणाऱ्या असल्या पऱ्या देवाने घडवल्या असतील हे मला माहीत नव्हतं. संसार सोडून तू दिव्यांच्या झगमगाटाकडे गेलीस.

'हाँकी टाँक' म्हणजे रस्त्याकडेची पिण्याची आणि नाचण्याची जागा. टेक्सस, ओक्लाहोमा, लुइझियाना भागात तेलविहिरींवरचे कामगार, ट्रकवाले, शेतमजूर तिथे पगाराच्या दिवशी यायचे. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि अशा जागांना ऊत आला. तिथे नेहमी दिसणाऱ्या बायकांना 'हाँकी टाँक एंजल' म्हणत. एंजल म्हटलं तरी त्यात मान नव्हता.

आणि मग त्याच वर्षी आलं उत्तर. किटी वेल्सचं 'इट वॉझन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स'. हाँकी टाँकमधल्या बायका देवाने नाही घडवल्या. मग कुणी? लग्न झालेले पुरुष स्वतःला अजून सडेफटिंग समजतात, त्यांनी.

मला सगळ्यात लागलं ते त्याचं पहिलं कडवं. ती बाई कुठे बसली आहे? ज्यूकबॉक्सपाशी. ती सांगते, आज रात्री मी इथे बसले आहे, ज्यूकबॉक्सवर तुझं ते गाणं वाजतंय, आणि तुझे शब्द ऐकून मला ते दिवस आठवतात जेव्हा मी नवऱ्यावर विश्वास टाकून संसार करत होते. ज्या यंत्रातून तिच्यावर आरोप येतो, त्याच यंत्रातून ती उत्तर देते. आणि शनिवारी मी ते अगदी तसंच, एकामागोमाग एक, ऐकलं.

इथे जुन्या तबकड्यांचे जाणकार आहेत, गाणारे-वाजवणारे आहेत. तुम्ही ऐका आणि सांगा.

जुनी_तबकडी

फार जिव्हाळ्याचा विषय काढलास. माझ्याकडे किटी वेल्सची डेक्का कंपनीने काढलेली तबकडी आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

तिचं खरं नाव एलन म्युरिएल डीसन. जन्म १९१९ चा, टेनेसी राज्यातल्या, कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिलचाच. कंट्री संगीतातले बहुतेक मोठे गायक नॅशव्हिलला बाहेरून आले, ही तिथलीच. शाळा सुटल्यावर कापडाच्या कारखान्यात शर्टांना इस्त्री करायची. १९३७ मध्ये जॉनी राइटशी लग्न झालं. जॉनी आणि त्याचा मेव्हणा जॅक अँग्लिन यांची 'जॉनी अँड जॅक' ही जोडी रेडिओवर आणि गावोगावच्या कार्यक्रमांत गायची, आणि ही त्यांच्यासोबत अधूनमधून एखाद-दुसरं गाणं म्हणायची. 'किटी वेल्स' हे नाव जॉनीने एका जुन्या लोकगीतातून उचलून तिला दिलं.

१९४९ च्या सुमारास तिच्या काही तबकड्या आरसीए कंपनीने काढल्या होत्या. चालल्या नाहीत. १९५२ उजाडेपर्यंत ती तीन मुलांची आई होती, वय ३२, आणि गाणं जवळजवळ सोडून द्यायच्या बेतात होती. डेक्का कंपनीच्या पॉल कोहेनकडून या गाण्याचा निरोप आला तेव्हा ती तयार झाली ती १२५ डॉलरसाठी. युनियनच्या दराने एका ध्वनिमुद्रणाचे गायकाला तेवढे मिळत. पुढे तिनेच सांगितलंय की गाणं चालेल असं तिला वाटलं नव्हतं, पैसे उपयोगी पडतील एवढंच डोक्यात होतं.

३ मे १९५२ ला ध्वनिमुद्रण झालं, नॅशव्हिलच्या ट्युलेन हॉटेलातल्या कॅसल स्टुडिओत. डब्ल्यूएसएम रेडिओच्या तीन इंजिनिअरांनी हॉटेलातच हा स्टुडिओ थाटला होता. वाजवणारे घरचेच. नवरा बासवर, जॅक अँग्लिन गिटारवर, पॉल वॉरन फिडलवर (म्हणजे व्हायोलिन), शॉट जॅक्सन स्टील गिटारवर (आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात ती). ड्रम नाहीत. ऐकताना लक्षात येईल की तालाचा ठेका बास आणि गिटारच सांभाळतात.

ऑगस्टमध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सहा आठवडे तिथेच राहिलं. बिलबोर्डच्या कंट्री यादीत एकट्या बाईचं गाणं अव्वल येण्याची ती पहिली वेळ.

सांजवेळ

ऑस्टिनकर, ज्यूकबॉक्स शब्द वाचला आणि धोबीतलावचं आमच्या कोपऱ्यावरचं इराण्याचं हॉटेल डोळ्यांसमोर उभं राहिलं. संगमरवरी टेबलं, ब्रून मस्का, आणि आत जाताना डाव्या हाताला ते रंगीत दिव्यांचं यंत्र. भाऊ मला घेऊन जायचा. चार आणे टाकून बटण दाबलं की आतला हात तबकडी उचलून आडवी ठेवायचा ते बघायला मी काचेला नाक लावून उभी राहायची. आमच्याकडे त्यात हिंदी सिनेमातली गाणी असायची आणि थोडी इंग्रजी. कुणी दुःखी गाणं लावलं की सगळ्या हॉटेलला ऐकावं लागायचं, हे मात्र पक्कं आठवतं. एकाचं दुःख सगळ्यांच्या चहात.

पाणवठा

धागा आवडला, दोन्ही गाणी लगेच ऐकली. पण मला एक गोष्ट खुपतेय आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही.

हे उत्तर लिहिलं कुणी? जे. डी. मिलर नावाच्या पुरुषाने. म्हणजे पुरुषाचा आरोप आणि पुरुषानेच लिहिलेला बचाव. गाणारीने ते १२५ डॉलरसाठी गायलं. मग त्याला बाईचं उत्तर म्हणायचं कशाच्या जोरावर?

आणि दुसरं. ती म्हणते काय? पुरुषांमुळे चांगल्या मुली वाया गेल्या. म्हणजे हाँकी टाँकमध्ये बसणारी बाई 'वाया गेलेली' आहे हे ती मान्यच करते. फक्त दोष कुणाचा एवढाच वाद. रात्री नाचायला आलेली बाई वाया गेलेली नसतेच मुळी, असं कुणी म्हणत नाही.

ऑस्टिनकर

पाणवठा, दुसरा मुद्दा मला मान्य आहे. पूर्ण मान्य. त्या गाण्याची ती मर्यादा आहेच. आठ वर्षांनी, १९६० मध्ये, लोरेटा लिन या कंट्री गायिकेची पहिली तबकडी आली तिचं नाव 'आय अॅम अ हाँकी टाँक गर्ल'. तिथेही रडणंच आहे, पण 'मी' म्हणून सुरुवात आहे. पुढे लोरेटाने स्वतः लिहिलेल्या गाण्यांत ती चक्क भांडते. किटी वेल्सनंतर रस्ता किती पुढे गेला हे त्यात दिसतं.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी अडून बसणार. कागदावर कुणी लिहिलं त्यापेक्षा ते कुणाच्या तोंडून आलं हे ऐकणाऱ्यांनी ठरवलं. ज्या आजी माझ्या शेजारी ओठ हलवत होत्या, त्यांना मिलर माहीत असायचं कारण नाही.

डफ_तुणतुणं

मी शाहिरी घराण्यातला, म्हणून मला हे वाचताना घरचीच गोष्ट वाटली.

कलगी आणि तुरा. तुरेवाले शिवाची, पुरुषाची बाजू घेणार, कलगीवाले शक्तीची. रात्रभर सवाल-जवाब चालायचे. समोरच्याने ज्या चालीत सवाल टाकला त्याच चालीत जबाब द्यायचा, जमलं तर त्याच यमकात. चाल बदलली तर लोक म्हणायचे, हरला. आणि कलगीवाल्या फडातले शाहीर बहुतेक पुरुषच असायचे हो, पाणवठा. शक्तीची बाजू पुरुष मांडायचे. तमाशात बाईच्या तोंडचा जबाबसुद्धा लिहिणारा शाहीर पुरुष. पण बोर्डावर उभी राहून ती ज्या ठसक्यात तो टाकायची, तो ठसका शाहिराच्या वहीत नव्हता.

किटी वेल्सचं गाणं मी चार वेळा ऐकलं. हिच्यात ठसका नाही. नुसतं सांगते. आवाज नाकातून येतो, शब्दाच्या शेवटी बारीकसा कंप आहे, पण कुठे हुंदका नाही, कुठे आवाज चढवलेला नाही. भांडण मिटवायला आलेल्या शेजारणीने ओट्यावर बसून सांगावं तसं. आपल्याकडची कुठलीही गाणारी असती तर 'पुरुषच दोषी' या ओळीवर हात उगारला असता. ही नाही उगारत, म्हणून ती ओळ जास्त टोचते.

जुनी_तबकडी

चालीचा विषय निघाला ते फार बरं झालं. कारण या चालीची खरी गंमत अजून कुणी सांगितली नाही.

ही चाल थॉम्प्सनच्या गाण्याचीही नव्हती. १९२९ मध्ये कार्टर फॅमिली या घरगुती गायक-मंडळीने एक गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं, 'आय अॅम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज'. दूर गेलेल्या प्रियकराच्या आठवणीचं. १९३६ मध्ये त्याच चालीवर रॉय एकफने 'द ग्रेट स्पेकल्ड बर्ड' गायलं. ते भजन आहे. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकात ठिपक्यांच्या पक्ष्याची उपमा आहे, बाकीचे पक्षी त्याला घेरून टोचतात. भजनात तो पक्षी म्हणजे चर्च. रॉय एकफ म्हणजे 'ग्रँड ओल ऑप्री'चा, नॅशव्हिलच्या रंगमंचावरून रेडिओवर जाणाऱ्या कंट्री कार्यक्रमाचा, राजा, शनिवारी रात्री अर्धा दक्षिण भाग रेडिओला कान लावून त्याला ऐकायचा. त्यानंतर त्याच चालीवर थॉम्प्सन, आणि त्यावर किटी वेल्स.

आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर कंसात छापलेलं असायचं, 'चाल : अमुक अमुक'. वाचणाऱ्याच्या मनात ती जुनी चाल आणि तिचा रंग आधी जागा व्हायचा, मग नवे शब्द यायचे. इथे कंस नाही, पण कान तेच करतात.

ऑस्टिनकर

काका, हे वाचून मी उठून उभी राहिले!

म्हणजे बघा ना. ज्या घरांत हे गाणं वाजलं त्या घरांतल्या लोकांना ही चाल भजनाची म्हणून माहीत होती. सोळा वर्षं ते तिच्यावर देवाचं नाव घेत होते. मग एक पुरुष त्याच चालीवर म्हणतो, असल्या बायका देवाने घडवल्या हे मला माहीत नव्हतं. आणि एक बाई त्याच चालीवर म्हणते, देवाने नाही, तुम्ही. देवाचं नाव तिने बाहेरून नाही आणलं. ते त्या चालीत आधीच होतं. तिने फक्त ते आरोपातून सोडवलं.

मला वाटतं गाण्यावर बंदी आली ती या एका ओळीमुळे. एनबीसी रेडिओने ते लावायचं नाकारलं, आक्षेपार्ह म्हणून. आणि ऑप्रीमध्ये सुरुवातीला तिला हे गाणं म्हणू देत नव्हते. पुरुषाचा आरोप चालला, तिचं उत्तर नाही.

पाणवठा

रेडिओवर बंदी होती, तर मग पहिल्या क्रमांकावर गेलं कसं?

जुनी_तबकडी

ज्यूकबॉक्समुळे, मोठ्या प्रमाणात. हे नीट सांगतो, कारण त्याशिवाय हे गाणं कळणार नाही.

ज्यूकबॉक्स हॉटेलमालकाच्या मालकीचा नसायचा. त्याचा धंदा करणारे वेगळे लोक असत, त्यांना ऑपरेटर म्हणत. एकेका ऑपरेटरची पन्नास-शंभर यंत्रं परिसरातल्या हॉटेलांत, पेट्रोल पंपांवर, गुत्त्यांत बसवलेली असायची. तो ठरावीक दिवशी येणार, पेटी उघडून नाणी मोजणार, मालकाला त्याचा हिस्सा देणार आणि तबकड्या बदलणार. यंत्रात मोजणी दाखवणारा भाग असे, कुठली तबकडी किती वाजली ते कळायचं. न चालणारी काढायची, चालणारी झिजली की नवी घालायची. त्याला आक्षेपार्ह आणि सोज्वळ असं काही नव्हतं. लोक ज्याच्यावर नाणं टाकतात ते ठेवायचं.

कंट्री संगीताची बिलबोर्डमधली पहिली यादीच मुळी ज्यूकबॉक्सवरून निघाली, जानेवारी १९४४ मध्ये. रेडिओची आणि दुकानांतल्या विक्रीची मोजणी नंतर जोडली गेली. म्हणजे शेतावरच्या, कारखान्यातल्या माणसाला काय आवडतं याची पहिली नोंद पाच सेंटच्या नाण्यांनी केली.

आणि यंत्रंही बदलत होती. १९४६ चा तो प्रसिद्ध वुर्लिट्झर, ज्याच्या कमानीत बुडबुडे वर चढताना दिसतात, त्यात २४ तबकड्या, प्रत्येकीची एकच बाजू वाजणार. १९४८ मध्ये सीबर्ग कंपनीने ५० तबकड्यांचं आणि दोन्ही बाजू वाजवणारं यंत्र आणलं. एकदम १०० गाणी. नवऱ्याचं गाणं आणि बायकोचं गाणं एकाच पेटीत शेजारी-शेजारी राहायला जागा झाली. थॉम्प्सनचं गाणं तर मुळात त्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूवर होतं. कंपनीने भर दिला होता पुढच्या बाजूवरच्या दुसऱ्याच गाण्यावर.

स्टीलतार

उशिरा आलो. मी पुण्यात हवाईयन गिटार वाजवतो, त्यामुळे माझे कान शॉट जॅक्सनकडेच गेले.

दोन गोष्टी सांगतो. पहिली : हाँकी टाँक संगीताचा आवाजच ज्यूकबॉक्सने घडवला. टेक्ससचा कंट्री गायक अर्नेस्ट टब सांगायचा की फोर्ट वर्थच्या एका ज्यूकबॉक्स ऑपरेटरने त्याच्याकडे तक्रार केली होती. दुपारी गुत्ता रिकामा असतो तेव्हा लोक तुझी गाणी लावतात, पण रात्री गर्दी झाली की नुसत्या साध्या गिटारवरचं तुझं गाणं कुणाला ऐकूच जात नाही. म्हणून १९४१ मध्ये 'वॉकिंग द फ्लोअर ओव्हर यू' करताना त्याने विजेची गिटार घेतली. ग्लासांचा खणखणाट, पायांचा आवाज, मोठ्याने हसणं, या सगळ्याला चिरून जाणारा सूर हवा होता. विजेची गिटार, स्टील आणि फिडल, तिन्ही चिरणारे सूर आहेत. आवाजही तसाच लागतो, पुढे फेकलेला. किटी वेल्सच्या नाकातल्या आवाजाबद्दल डफ_तुणतुणं यांनी लिहिलंय. तो आवाज गर्दीतून बरोबर पोहोचतो, मखमली आवाज तिथे बुडाला असता.

दुसरी : १९५२ च्या या तबकडीवर जे स्टील ऐकू येतं ते पेडलवालं नाही. पायाने तारा ताणून सूर आतल्या आत वळवायची ती सवय थोडी नंतरची, १९५४ मध्ये वेब पिअर्सच्या 'स्लोली'मध्ये बड आयझॅक्सने वाजवलं तेव्हापासून सगळे तिच्या मागे लागले. इथे सगळं काम डाव्या हातातल्या लोखंडी पट्टीचं आहे. आम्ही वाजवतो तसंच. तिने ओळ सोडली की स्टील ती उचलतं, अर्धी म्हणतं आणि खाली ठेवतं. गाण्याला 'हं' म्हणणारं कुणीतरी असावं तसं.

आणि हे वाद्य आपल्याला परकं नाही. हवाई बेटांवरून ते एकीकडे टेक्सस-नॅशव्हिलला गेलं, दुसरीकडे आपल्याकडे आलं. हवाईयन गिटारवाले ताउ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात राहून वाजवत आणि शिकवत होते. मुंबईच्या सिनेसंगीतात व्हॅन शिपलींनी त्याला घर दिलं. माझ्या गुरुजींनी मला पहिला धडा दिला तेव्हा म्हणाले होते, मींड म्हणजे दोन सुरांमधला रस्ता, घाई करू नकोस. शॉट जॅक्सनचे ते चार-चार सुरांचे तुकडे ऐकताना तेच आठवलं.

सांजवेळ

'हं म्हणणारं कुणीतरी'. सुरेख.

पाणवठा

मी आणखी थोडं वाचलं आणि जे सापडलं त्याने वाईट वाटलं. लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते.

हा जे. डी. मिलर लुइझियानातल्या क्राउली गावचा. तिथे त्याचा स्टुडिओ होता. किटी वेल्सच्या आधी हे गाणं त्याने स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी अॅलिस माँटगोमेरी नावाच्या गायिकेकडून गाऊन घेतलं होतं. पुढे त्याने स्लिम हार्पो, लाइटनिंग स्लिम अशा कृष्णवर्णीय ब्लूज गायकांना ध्वनिमुद्रित केलं, आणि ते काम नावाजलं गेलं. आणि त्याच माणसाने १९६० च्या दशकात दुसऱ्या एका लेबलवर कृष्णवर्णीयांची हेटाळणी करणाऱ्या, वर्णभेदाचा पुरस्कार करणाऱ्या तबकड्या काढल्या. त्याच गावात, त्याच हातांनी.

बाईवरच्या अन्यायाचं इतकं साधं, अचूक गाणं लिहिणाऱ्याला दुसरा अन्याय दिसला नाही, किंवा दिसला आणि त्याने तो विकला. आता पहिल्या मुद्द्याबद्दल माझं मत बदललंय, ऑस्टिनकर. गाणं त्याचं नाही, तिचंच म्हणते मी.

ऑस्टिनकर

बरं केलंस लिहिलंस. हे झाकून गाण्यावर प्रेम करण्यात अर्थ नाही.

आणि 'ज्यूक' हा शब्दसुद्धा कृष्णवर्णीयांच्या भाषेतला आहे. अमेरिकेच्या आग्नेय किनारपट्टीवरच्या कृष्णवर्णीयांच्या गुल्ला बोलीतून आला, धांगडधिंगा या अर्थाचा. त्यांच्या नाचगाण्याच्या जागांना 'ज्यूक जॉइंट' म्हणत. दक्षिणेत तेव्हा सगळं वेगळं होतं, गोऱ्यांचा हाँकी टाँक वेगळा, त्यांचा ज्यूक जॉइंट वेगळा. पेटीचं नाव त्यांचं, पण १९५२ मध्ये ज्या नाचघरात किटी वेल्स वाजायची तिथे त्यांना आत प्रवेश नव्हता. शनिवारी ज्या फळ्यांवर मी उभी होते त्यांच्यावर तेव्हा माझ्यासारख्या रंगाच्या बाईला कुणी उभं केलं असतं का, हा विचार मला आज पहिल्यांदा आला.

डफ_तुणतुणं

पुढे काय झालं तिचं? एका गाण्यानंतर?

जुनी_तबकडी

भरपूर झालं. ऑप्रीने तिला घेतलं. १९५३ मध्ये तिने आणखी एक उत्तर दिलं. वेब पिअर्सचं 'बॅक स्ट्रीट अफेअर' (चोरून चाललेल्या प्रेमप्रकरणाचं गाणं) गाजत होतं, तिने 'पेइंग फॉर दॅट बॅक स्ट्रीट अफेअर' गायलं. १९५५ चं 'मेकिंग बिलीव्ह' माझं सगळ्यात आवडतं, तेही ऐका. लोक तिला कंट्री संगीताची राणी म्हणायला लागले. रंगमंचावर मात्र ती नेहमी साध्या चौकटीच्या सुती झग्यात, गळ्याशी बंद. हाँकी टाँकचं गाणं गाणारी आणि हाँकी टाँकशी काही संबंध न दिसणारी.

१९७६ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये तिची निवड झाली, १९९१ मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव. २००७ च्या यादीत लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे गाणं जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांत घेतलं. जॉनी राइट २०११ मध्ये गेला, ती पुढच्या वर्षी, १६ जुलै २०१२ ला, ९२ व्या वर्षी. विश्वासाने केलेला संसार मोडल्याचं गाणं गाणाऱ्या या बाईचा स्वतःचा संसार जवळपास ७४ वर्षं चालला.

आणि डफरावांसाठी एक खास : १९८१ मध्ये कंट्री गायक वेलन जेनिंग्स आणि त्याची बायको जेसी कोल्टर यांनी दोन्ही गाणी एकत्र करून गायली. चाल एकच असल्यामुळे शिवण दिसतच नाही. एक कडवं त्याचं, एक तिचं. तुमचा सवाल-जवाब, एका तबकडीवर.

डफ_तुणतुणं

ऐकलं. आणि रात्री वडिलांना ऐकवलं. त्यांना इंग्रजी येत नाही. कडवं संपलं की मी अर्थ सांगत होतो. पुरुषाचं कडवं झाल्यावर म्हणाले, सवाल कच्चा आहे. बाईचं झाल्यावर काही बोलले नाहीत, पुन्हा लाव म्हणाले.

ऑस्टिनकर

काल परत शनिवार होता. मी मुद्दाम गेले. आजी त्याच खुर्चीत होत्या.

या वेळी मी विचारलं, हे गाणं तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकलं? म्हणाल्या, १९५२ मध्ये मी अकरा वर्षांची होते. आई एका रस्त्याकडेच्या कॅफेत काउंटरवर होती. वडील घरी नसायचे, एवढंच म्हणाल्या, पुढे त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शाळा सुटली की त्या तिथेच बसून अभ्यास करायच्या.

कॅफेच्या गल्ल्यात काही नाणी वेगळी ठेवलेली असायची, लाल नेलपॉलिश लावलेली. ती दुकानाची नाणी. गिऱ्हाईक नसलं, जागा सुनी वाटायला लागली की काउंटरवरच्या बाईने त्यातलं एक ज्यूकबॉक्समध्ये टाकायचं, म्हणजे संगीत चालू राहायचं. ऑपरेटर पेटी उघडायचा तेव्हा लाल नाणी वेगळी काढून मालकाला परत द्यायचा.

आजी म्हणाल्या, आई दुपारी चारच्या सुमाराला, फडकं मारून झालं की, एक लाल नाणं घ्यायची. थॉम्प्सनचं गाणं रात्री येणारे पुरुष लावायचे, आईने ते कधी लावलं नाही. ती दुसरंच बटण दाबायची आणि तीन मिनिटं काउंटरला टेकून उभी राहायची. त्या वेळी तिच्याशी बोलायचं नाही, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.